नकलेचे मोल : देवनागरी अक्षर, संगणक आणि चाचेगिरीचा हिशेब

दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि जुन्या मध्यप्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्यप्रदेशातच राहिला. आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा व सौंसर हे त्याचे दक्षिणेकडील दोन मराठीभाषी तालुकेही राहिले. नागपूर ही या मुलखाची बाजारपेठ पूर्वीही होती, पुढेही तीच राहिली. संत्री नागपूरला जात, पुस्तके नागपूरहून येत. फरक पडला तो कचेरीत आणि शाळेत. घराची भाषा मराठी, सरकारदरबाराची भाषा हिंदी, अशी दुहेरी राहाटी येथे रुजली व आजही चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या राहाटीत बदल झालेला नाही.

या दुहेरी राहाटीची एक बारीकशी खूण लग्नपत्रिकेत सापडते. मजकूर शुद्ध मराठी असतो. कुलदैवताचे नाव, आप्तेष्टांची यादी, आग्रहाचे निमंत्रण, सारे आपल्या रीतीने. परंतु ‘शुभविवाह’ या शब्दातला ‘श’ आणि ‘लग्न’ या शब्दातला ‘ल’ निरखून पाहावा, तर अनेकदा ती अक्षरे मराठी वळणाची नसून हिंदी वळणाची असतात. सहज दुर्लक्ष होईल असा हा भेद आहे. पण बालभारतीच्या पुस्तकावर ज्याचा डोळा तयार झाला त्याला तो खटकतो. याचे कारण अक्षरजुळणीच्या दुकानातील संगणकात आहे. त्या संगणकात जो फाँट होता तो हिंदीसाठी घडविलेला होता. बहुतेक ठिकाणी तो ‘कृतिदेव’ नावाचा फाँट असे. सबंध हिंदी पट्ट्यात तो एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, फ्लॉपीतून आणि पुढे सीडीतून, नकलून नेला गेला. त्याचे दाम कोणी मोजले आणि कोणी मोजले नाहीत, हे विचारण्याची रीत नव्हती.

संगणकाच्या आज्ञावलीची अशी विनापरवाना नक्कल करणे याला इंग्रजीत समुद्रावरील लुटारूंच्या धंद्याचे नाव मिळाले, व मराठीत आपण ‘चाचेगिरी’ म्हणू लागलो. या चाचेगिरीने नेमके किती नुकसान होते, आणि कोणाचे, हा वाद जगभर पन्नास वर्षे चालला आहे. त्या वादात देवनागरी अक्षराची बाजू क्वचितच मांडली जाते. ग्रंथांवर प्रेम करणाऱ्यांच्या दृष्टीने तर तीच बाजू सर्वांत निकटची आहे.

नक्कल ही गोष्ट मराठी वाङ्मयाला मुळीच परकी नाही. छापखाना येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ नकलेनेच जगला. पोथी उतरवून देणारा लेखक शेवटी आपले नाव, शक आणि तिथी घालून वाचकाची क्षमा मागत असे. कोणी त्याला चोर म्हणत नसे, उलट ते पुण्यकृत्य मानले जाई. नक्कल करायला महिने लागत, बोटे दुखत, शाई-कागदाला खर्च येई. श्रम हाच तेथे पहारेकरी होता. छापखान्याने हे गणित बदलले. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने कोरलेल्या अक्षरांचे वळण देशभर पसरले. एक सबंध अक्षरसंच कोरायला वर्षे लागत. पण खिळ्यांना निदान वजन होते. ज्याला ते हवे असत त्याला शिसे विकत घ्यावे लागे, ओतशाळा चालवावी लागे. फुकटात खिळा कोणालाच मिळत नव्हता. संगणकाच्या फाँटाला असे वजन राहिले नाही, आणि येथेच सारा घोळ सुरू होतो. फाँट घडविणाऱ्याचे श्रम आरूंइतकेच, आणि नकलेचा खर्च जवळजवळ शून्य.

कायद्याने या नव्या वस्तूला कोठे बसवायचे हा प्रश्न होताच. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला ‘साहित्यकृती’ या व्याख्येत स्थान मिळाले. म्हणजे कायद्याच्या लेखी हिशेब करणारी आज्ञावली आणि कादंबरी एकाच कप्प्यात आली. १९९२ मध्ये साहित्यकृतींची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नासऐवजी साठ वर्षे झाली, तीही दोघींना सारखीच लागू. पाच-सात वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूला एवढे दीर्घायुष्य देणे काहीसे चमत्कारिकच. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून अमलात आली, जाणूनबुजून चोरटी आज्ञावली वापरणाऱ्याला किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला. व्यापारासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याची मुभाही न्यायालयाला दिली. मोठ्या शहरांत छापे पडले, वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळील खोलीत दोन संगणक मांडून बसलेल्या माणसाला या कलमांची वार्ता क्वचितच लागली असेल.

वादाचा उगम मात्र फार दूरचा आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी विशीतल्या बिल गेट्स यांनी अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी ‘बेसिक’ ही आज्ञावली तयार केली होती. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली, बाकीच्यांनी नकलली, आणि त्यामुळे श्रमाचा मोबदला ताशी दोन डॉलरहूनही कमी पडला, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. परंतु त्याच गेट्स यांनी १९९८ मध्ये, चीनमधील चाचेगिरीविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करायचे ते पुढील दशकात पाहू, अशा आशयाचे उद्गार काढले. बावीस वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन उद्गारांत विसंगती नाही. पहिला उद्गार लहान उत्पादकाचा होता; दुसरा प्रचंड उत्पादकाचा. नकलेचा अर्थ दोघांना वेगळा असतो.

पाकिस्तानात लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या नकला कोण करतो हे कळावे म्हणून त्यांनी फ्लॉपीत लपणारी एक चिमुकली आज्ञावली सोडली आणि तिच्यात स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घातला. ‘ब्रेन’ नावाने ती जगभर पसरली, व वैयक्तिक संगणकाचा पहिला गाजलेला विषाणू ठरली. चोर पकडायला ठेवलेला पहारेकरी असा घरोघर शिरला.

नुकसानीच्या आकड्यांची कथा १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स’ या उत्पादकांच्या संघटनेपासून जोर धरते. तिच्या पाहणीनुसार भारतात वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी विनापरवाना भाग २००५ मध्ये ७२ टक्के, २०११ मध्ये ६३ टक्के आणि २०१७ मध्ये ५६ टक्के होता. २०११ साठी त्याचे भारतातील मूल्य सुमारे २.९ अब्ज डॉलर, तर सबंध जगातील मूल्य ६३ अब्जांहून अधिक सांगितले गेले. हिशेबाची पद्धत थोडक्यात अशी : संगणक किती, प्रत्येकावर साधारण किती आज्ञावल्या चढविलेल्या, त्यांतून रीतसर विकल्या गेलेल्या वजा करावयाच्या, आणि उरलेल्या संख्येला बाजारभावाने गुणावयाचे.

गुणाकार बरोबर आहे. गृहीतच डळमळीत आहे. ज्याने फुकट घेतले त्याने फुकट मिळाले नसते तर विकत घेतलेच असते, असे धरल्याशिवाय हा गुणाकार नुकसान दाखवीत नाही. २००१ च्या सुमारास विंडोज व ऑफिस यांची अमेरिकेतील किंमत मिळून सुमारे ५६० डॉलर होती. भारतातील दरडोई वार्षिक उत्पन्न त्याहूनही कमी होते. वर्षभराच्या सरासरी कमाईहून महाग असलेली वस्तू सौंसरच्या विद्यार्थ्याने दुकानातून घेतली असती, असे कोणता व्यापारी म्हणेल? ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने २००५ मध्येच या आकडेमोडीवर टीका केली. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी खात्याने एप्रिल २०१० च्या अहवालात, चाचेगिरी व बनावट मालाच्या नुकसानीचे सरकारदरबारी वारंवार उद्धृत होणारे तीन अंदाज कोणत्याही आधाराशी जोडून दाखविता येत नाहीत, असे स्पष्ट लिहिले. संघटनेनेही पुढे ‘नुकसान’ हा शब्द मागे टाकून ‘विनापरवाना सॉफ्टवेअरचे व्यापारी मूल्य’ असा सावध शब्द योजिला. शब्द बदलला तरी वृत्तपत्रांचे मथळे बदलले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या बाजूचेही पुरावे आहेत. ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’ मध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील लेखन व हिशेबाच्या आज्ञावल्यांची पाहणी होती. तिच्या निष्कर्षानुसार दर सात वापरकर्त्यांपैकी सहा नकला वापरणारे होते; पण रीतसर विकत घेणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक या नकलवाल्यांच्या प्रभावामुळेच ग्राहक बनले होते. रुमानियाचे अध्यक्ष बासेस्कू यांनी २००७ मध्ये खुद्द गेट्स यांच्यासमोर, चाचेगिरीमुळेच आमच्या तरुणांना संगणकाची ओळख झाली, असे सांगून टाकले. भारतातही एका पिढीने नकललेल्या आज्ञावल्यांवरच हात बसविला, आणि त्याच हातांनी पुढे निर्यातीचा उद्योग उभारला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल’ने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अहवालात भारतावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्या अहवालाचा रोख असा की गरीब देशांतील चाचेगिरी हा मुख्यतः किमतीचा प्रश्न आहे.

येथपर्यंतचा युक्तिवाद ऐकून नकलणाऱ्याला निर्दोष सोडावेसे वाटेल. वस्तुतः तसे सोडता येत नाही, आणि याचे कारण पुण्याकडे पाहिल्यावर कळते.

देवनागरीला संगणकावर आणण्याचे मूळ काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये झाले व पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ते हाती घेतले. आरंभी ‘जिस्ट’ नावाचे कार्ड संगणकात बसवावे लागे. कार्ड ही हातात धरता येणारी वस्तू असल्याने तिची नक्कल सोपी नव्हती. पुढे संगणकाची ताकद वाढली, कार्डाची गरज संपली, आणि अक्षरे केवळ आज्ञावलीच्या रूपात विकली जाऊ लागली. सी-डॅकचे ‘आय.एस.एम.’ व ‘लीप ऑफिस’, पुण्याच्याच मॉड्युलर या संस्थेचे ‘श्रीलिपी’, बंगळूरची ‘आकृती’, ही नावे ज्यांनी त्या काळी स्मरणिका वा दिवाळी अंक काढला त्यांच्या ओठांवर असतील. यांतील अनेकांबरोबर एक ‘कुलूप’ येई. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची तार जेथे लागते तेथे बसवायचे ते छोटेसे उपकरण. ते लावल्याशिवाय फाँट उघडत नसे. कुलूप फोडणारेही लवकरच निघाले.

आता या उत्पादकांची तुलना परदेशी कंपनीशी करावी. विद्यार्थ्याने विंडोज नकलली तरी उद्या तो ज्या बँकेत वा कारखान्यात लागेल तेथे तीच रीतसर विकत घेतली जाईल. सवयीची भरपाई होते. मराठी फाँटाचे ग्राहक कोण? छापखाना, अक्षरजुळणीचे दुकान, वृत्तपत्र, प्रकाशक, थोड्या सरकारी कचेऱ्या. यांपैकी बहुतेकजण त्या फाँटावरच पोट भरीत होते. म्हणजे येथे नक्कल करणारा हा उपाशी विद्यार्थी नसून, जो विकत घेऊ शकला असता असा धंदेवाईक होता. प्रत्येक नकलेमागे एक विक्री खरोखरच बुडण्याचा संभव येथे सर्वांत अधिक; आणि ती भरून काढणारा ‘उद्याचा ग्राहक’ दुसरीकडे कोठेच उभा नव्हता. अब्जावधींचे आकडे ज्यांच्या नावाने मोजले गेले त्यांचे नुकसान संशयास्पद, आणि ज्यांचे नुकसान खरे त्यांचा आकडा कोणी मोजलाच नाही.

सीमाभागात याला आणखी एक पीळ पडला. हिंदी फाँट फुकट, सर्वत्र, शेजारच्या प्रत्येक दुकानात. मराठी वळणाचा चांगला फाँट विकतचा, आणि नागपूरहून आणावा लागणारा. कचेरीचे काम हिंदीतच करायचे असल्याने कळफलकही हिंदी टंकलेखनयंत्राच्या चालीचाच अंगवळणी पडलेला. मग वर्षातून चार महिने चालणाऱ्या लग्नपत्रिकांसाठी वेगळा खर्च कोण करणार? फुकटाशी स्पर्धा करून हरले ते परदेशी सॉफ्टवेअर नव्हे. हरला तो मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’.

याहून मोठी हानी मात्र पैशांत सांगता येत नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली होती. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला अंक, तो सर्वांनी पाळावा, एवढाच तिचा अर्थ. अक्षरजुळणीच्या बाजारात तो पाळला गेला नाही. प्रत्येक उत्पादकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसविले. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर संगणकाच्या पोटात साठते ती ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांची ओळ. श्रीलिपीत तोच शब्द वेगळ्या चिन्हांचा, आकृतीत आणखी वेगळ्या. फाँट असेल तर मराठी दिसते. नसेल तर निरर्थक रोमन लिपी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे आंतरजालावर आली तेव्हा प्रत्येकाचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, ते याच कारणाने.

याचा सारा दोष नकलेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २५६ खुणांच्या मर्यादेत जोडाक्षरे बसविण्याची तांत्रिक अडचण होती. ग्राहक आपल्याकडेच बांधून ठेवण्याचा व्यापारी मोहही होता. पण विक्री सुरक्षित नसलेला उत्पादक आपली संकेतपद्धती उघडी करून शेजाऱ्याच्या हाती देण्यास धजत नाही, हेही तितकेच खरे. नकलेच्या भयाने कुलूप आले, आणि कुलपाच्या आत मजकूर अडकला.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. किल्ली पंथातील जाणत्यांकडे. ग्रंथ सुरक्षित राहिले, भ्रष्ट पाठांपासूनही वाचले. पण उरलेला महाराष्ट्र शतकानुशतके आपल्या आद्य गद्याला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्यासारख्यांनी ते वाङ्मय उजेडात आणले. महानुभावांचे कुलूप श्रद्धेचे होते, फाँटाचे कुलूप धंद्याचे. वाचकाची गत दोन्हीकडे एकच. फरक असलाच तर हा की ताडपत्र व कागद शतके टिकले. नव्वदच्या दशकातील फ्लॉपी दहा-पंधरा वर्षांत बुरशीने वा चुंबकाच्या क्षयाने मुकी झाली, आणि ज्या तारेच्या खाचेत कुलूप बसत असे ती खाचच नव्या संगणकांतून नाहीशी झाली. ज्यांनी फाँट रीतसर विकत घेतला होता त्यांचेही कुलूप उपयोगाचे उरले नाही. अशा वेळी कुलूप फोडलेली नक्कलच कित्येक छापखान्यांत जुन्या धारिका उघडण्याच्या कामी आली, हा या इतिहासातील उपहास म्हणावा लागेल.

वाट पुढे वेगळ्याच दिशेने निघाली. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतपद्धतीने १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत इस्कीच्या पायावर देवनागरी घेतली होती. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ फाँट आला आणि ती घरोघर पोहोचली. २००४ मध्ये ‘रेड हॅट’ या कंपनीने ‘लोहित’ मालिकेचे फाँट मुक्त परवान्याखाली दिले. पुढे त्या मालिकेत हिंदीपासून निराळा मराठीचाही फाँट आला. २००५ पासून केंद्र सरकारने तमिळ, हिंदी आणि क्रमाने इतर भाषांचे फाँट व साधने सीडीवर फुकट वाटली. ज्या वस्तूची चोरी होत होती ती वस्तू दान दिली गेल्यावर चोरी उरली नाही. मात्र दान देणाऱ्यामागे सरकारचा खजिना वा मोठी कंपनी उभी होती. दहा-वीस माणसांच्या बळावर अक्षरे घडविणाऱ्या संस्थांना त्या काळी हे परवडणारे नव्हते, आणि अक्षरकारांच्या वाट्याला आलेला मोबदला आरूंच्या काळाहून फार वेगळा नव्हता.

ग्रंथालयांच्या दृष्टीने प्रश्न आज शिल्लक आहे तो कपाटातला. कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी करता येतात. ही तरतूद कागदाच्या पुस्तकाला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. नव्वदच्या दशकात जुळलेल्या स्मरणिका, स्थानिक इतिहास, संतचरित्रे, कवितासंग्रह यांची छापील प्रत जेथे वाळवीने खाल्ली तेथे मूळ मजकूर एखाद्या जुन्या धारिकेत अजून पडलेला असू शकतो. फाँट नकललेला असो वा विकतचा, किल्ली जुळली तर तो युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक आज्ञावल्या आज फुकट मिळतात. त्या जोडाक्षरांत चुकतात, रफार भलत्याच अक्षरावर चढवितात, ‘ऱ्य’ चे दोन तुकडे करतात. म्हणून शेजारी बसून ओळ न ओळ वाचणारा मराठी जाणकार लागतो. पांढुर्ण्या-सौंसरच्या बाजूला आणखी एक काळजी घ्यावी लागते : धारिका मराठीची असली तरी फाँट हिंदीचा असण्याचा संभव आधी धरावा, आणि ई, जे, के, बी, एच अशी ओळ दिसली तर ती निरर्थक समजून पुसून टाकू नये.